जोडीतला एक बैल

मी जळका माणूस आहे. पन्नाशी उलटल्यावर हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. शेजारच्या बांधीतल्या धानाला माझ्यापेक्षा भरघोस लोंबी आली, की त्या दिवशी मला जेवण गोड लागत नाही. कुणाच्या पोराला नोकरी लागली तर मी पेढा खातो, पण तो घशाखाली उतरायला वेळ लागतो. हे आमच्या घरातच आहे, वडिलांचं पुढे सांगेनच. पण एका गाडीवरून मी तीन वर्षं जितका जळलो, तितका आयुष्यात दुसऱ्या कशावरूनही जळलो नाही.

गाडी माझ्या मित्राची. आम्ही दोघंही मूळचे दवनीवाड्याचे, घराला घर लागून, शाळेत एका बाकावर. पुढे त्यानं गोंदियात शेतीच्या अवजारांचं दुकान टाकलं आणि मी एका राईस मिलमध्ये भागीदार होऊन गोंदियाला लागूनच मुर्रीला घर बांधलं. दोघांचंही बरं चाललं. त्याचं माझ्यापेक्षा जरा जास्तच बरं चाललं, आणि तो जो 'जरा' आहे ना, तो मला कायम टोचत राहिला.

तीन वर्षांपूर्वी तो मुंबईहून ती गाडी घेऊन आला. जुनीच होती, कुणा हौशी माणसानं वापरून विकलेली. गडद निळा रंग, दोन दारं, दोनच सीटा, लांबलचक बोनेट, आणि बूड इतकं खाली की गतिरोधक आला की तिरपी करून एकेक चाक उतरवावं लागायचं. गोंदियात असली स्पोर्ट्स कार कुणाकडे नव्हती. शाळेची पोरं सायकली टाकून बघत उभी राहायची. मी म्हटलं, "हे काय आणलं बे? धानाचं एक पोतं तरी बसते काय यात?" तो म्हणाला, "पोतं नाई बसत. ती बसते." आणि त्यानं बायकोकडे बोट दाखवलं.

ते दोघं दर रविवारी सकाळी फिरायला निघायचे. कधी नवेगावकडे, कधी थेट आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या पायथ्यापर्यंत. निघताना मी ज्या टपरीवर चहा पितो तिथेच त्यांचाही पहिला चहा व्हायचा. म्हणजे माझा रविवार नासायची सोय त्यानं घराजवळच करून ठेवली होती. गाडीचा आवाज लांबूनच यायचा, जाडसर, पोटातून निघाल्यासारखा. मग ती टपरीसमोर यायची, काच खाली व्हायची आणि आतून वहिनी हसताना दिसायच्या. आत्ता हसल्या असं नाही, आधीपासून चाललेलं हसणं. तोही हसत असायचा. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या नवराबायकोत हसण्यासारखं इतकं काय शिल्लक असतं, हे मला कळत नसे. आमच्या घरात सिलिंडर, लाइटचं बिल आणि मुलाचा फोन आला का, एवढ्यात दिवस उरकायचा. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची स्कूटी, तिची शाळा, तिच्या वह्या. भांडण नव्हतं आमच्यात, पण बोलणंही फार नव्हतं.

मला वाटायचं, गाडीमुळे होतं हे सगळं. तशी गाडी असती तर माझ्याही घरात कुणी हसलं असतं.

शेवटी मी ठरवलं की आपणही घ्यायची. पण त्याची नक्कल नको. चार लोक म्हणतील, याचं पाहून त्यानं घेतली. मी मोबाइलवर महिनाभर शोध घेतला आणि मला ती सापडली. हॉट हॅच म्हणतात तिला. दिसायला बाजारात भाजी आणायला जाणाऱ्या छोट्या गाडीसारखीच, पण आत इंजिन असं की मोठमोठ्यांना मागे टाकेल. पाच माणसं बसतात, डिकीत पोतं बसतं, आणि मनात आलं तर उडते. मला वाटलं, ही अगदी माझ्यासारखी, वरून साधी आणि आत पेटलेली.

नागपूरला जाऊन चालवून पाहिली. राखाडी रंग, सीटांना लाल दोऱ्याची शिवण, छोटासा गिअर जो मनगटाच्या नुसत्या इशाऱ्यानं पडायचा. सेल्समन पोरगा म्हणाला, "अंकल, एक बार खुले रोड पे दबाके देखो." मी दबाके पाहिलं आणि पाठ सीटला चिकटली. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी एकटाच मोठ्यानं "अरे वा" म्हणालो. तिथल्या तिथे टोकन देऊन आलो. गाडी यायला तीन महिने लागणार होते.

घरी येऊन बायकोला म्हटलं, "आपली गाडी सांगून आलो." तिनं रंग विचारला. मग ताटावर भात वाढता वाढता म्हणाली, "तिले गिअर हातानं टाका लागते काय?"

"हो. मजाच त्यात आहे."

"आन् क्लच किती दाबा लागते? कडक आहे काय?"

"तुले कायले पायजे?" मी म्हणालो आणि भातावर वरण ओढून घेतलं. त्याच सुमारास ती सकाळी अर्धा तास आधी निघू लागली. शाळेत जादा तास आहेत म्हणाली. मी कशाला खोलात जातोय?

पावणेतीन महिने झाले असतील. एके दिवशी दुपारी मित्राचा फोन आला. "मी गाडी काढून राहिलो," तो म्हणाला. "पहिले तुलेच सांगून राहिलो. दुसऱ्याले द्याचं जिवावर येते."

खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? आनंद. आला वाटतं धंदा खाली! मग लगेच दुसरं आलं, की नाही, याहून मोठी घेत असेल, म्हणून ही काढतोय. म्हणजे तो बुडाला असता तरी मला चैन आणि चढला असता तरी मला बेचैनी. दोन्हींच्या मध्ये तो निव्वळ माझा मित्र असू शकतो, हे सुचलंच नाही.

इथं वडिलांचं सांगायला हवं.

आमच्याकडे शंकरपट असतो, बैलजोड्यांची शर्यत. हलका छकडा, त्यावर हाकणारा एक धुरकरी, आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत जोडी पार होते. माझ्या लहानपणी मित्राच्या वडिलांची एक पांढरी जोडी होती. तिनं आसपासचा एकही पट सोडला नव्हता. ती जोडी गुलाल माखून गल्लीत शिरली, की माझे वडील दार लावून घ्यायचे. उन्हाळ्यातसुद्धा. आमचेही बैल पळायचे, पण नेहमी दुसरे यायचे.

मग त्या घरात भावाभावांची वाटणी झाली. जमीन वाटली, भांडी वाटली, आणि जोडीही वाटली. एक बैल मित्राच्या वडिलांकडे राहिला, एक त्याच्या काकाकडे गेला. काकाला पटाचा नाद नव्हता, त्यानं आपला बैल विकायला काढला. गावात कुणालाही पत्ता लागू न देता वडिलांनी तो घेतला. जाताना नवं दावं घेऊन गेले होते, कारण बैल विकला तरी विकणारा आपलं दावं देत नाही, आमच्यात तशी रीत आहे. काकानं बैलाच्या गळ्यातलं दावं सोडून स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि वडिलांनी आपलं बांधलं. त्या दिवशी वडील जेवताना दोनदा म्हणाले, "अर्धी जोडी आली घरी."

अर्धी जोडी पळत नाही, हे सगळ्या पंचक्रोशीतल्या लहान पोरालाही ठाऊक. वडिलांना तर चांगलंच ठाऊक. पण जळणाऱ्या माणसाला आपल्याला काय ठाऊक आहे ते आठवत नाही. तो बैल जन्मभर उजव्या अंगाला पळालेला, त्याचा सोबती डावीकडे. वडिलांनी डावीकडे आमचा चांगला तयार बैल जुंपला. पटावर झेंडी पडली, आमच्या बैलानं उडी घेतली, आणि त्या पांढऱ्यानं मान डावीकडे वळवली. त्यानं डावीकडे पाहिलं, वास घेतला आणि तो उभाच राहिला. छकडा गरकन फिरला. धुरकऱ्यानं उडी मारली म्हणून वाचला. लोक हसले. मित्राचे वडील तेवढे हसले नाहीत, आणि त्याचाच माझ्या वडिलांना सगळ्यात जास्त राग आला.

पुढे तो बैल आमच्याकडेच म्हातारा झाला. संध्याकाळी तळ्यावर दोन्ही घरची जनावरं पाण्याला यायची, तेव्हा ते दोघं एकमेकांची मान चाटत उभे राहायचे. वडिलांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः दुपारी दोनला, रणरणत्या उन्हात, त्याला पाण्यावर न्यायला लागले.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी गाडी बघायला गेलो.

मित्रानं चावी माझ्या हातात दिली आणि स्वतः डावीकडे बसला. आम्ही दवनीवाड्याच्या रस्त्याला लागलो. मी पाय दाबला आणि त्या लांब बोनेटच्या पुढे रस्ता सरसर गुंडाळला जाऊ लागला. नागपूरची ती राखाडी गाडी पळायची, ही वाहायची. सीट जमिनीला लागून, त्यामुळे धानाच्या बांध्या डोळ्यांच्या रेषेत. तो मध्ये मध्ये सांगत होता, "इथी हळू घे, मोरी आहे," "आता सोड." मग म्हणाला, "तीन वर्षांत पहिल्यांदा इकून बसून राहिलो. इकून रस्ता वेगळाच दिसते गड्या."

"मंग काऊन काढून राहिला?" मी विचारलंच.

"घरी चाल, दाखवतो," तो म्हणाला.

घरासमोर आल्यावर त्यानं वहिनींना हाक मारली आणि गाडीत बसायला सांगितलं. त्या बसल्या, म्हणजे जवळपास पडल्या. मग उतरायची वेळ आली. गुडघे दोन्ही गेलेले. त्यानं दोन्ही हात पुढे केले, त्यांनी धरले, एकदा प्रयत्न फसला, दुसऱ्यांदा फसला, आणि दोघंही खो खो हसायला लागले. तिसऱ्यांदा त्या बाहेर आल्या आणि त्याच्या खांद्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

"भाऊजी, मले बसवाले हे एकटे पुरतात, उतरवाले चार माणसं लागतात," त्या मला म्हणाल्या. "डॉक्टर म्हणते उंच सीट पायजे. मी म्हटलं, राहू द्या, मी घरीच राहते, तुमी जात जा. तं आयकत नाहीत."

"एकटा जाऊन काय करू?" तो म्हणाला, अगदी साधेपणानं, टायरमधल्या हवेचा दाब सांगावा तसा. त्यानं एक उंच, जाड, बिनगिअरची गाडी सांगितली होती. मी जिच्याकडे वळूनही पाहिलं नसतं अशी.

म्हणजे गाडी घेताना त्यानं मला हरवलं होतं आणि आता विकतानाही हरवत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथून तोंड फिरवून यायला हवं होतं. मी म्हणालो, "मी घेतो."

त्याच दुपारी नागपूरला फोन करून ती राखाडी गाडी रद्द केली. सेल्समन म्हणाला, "अंकल, अगले हफ्ते डिलिव्हरी थी." जेवताना बायकोला सांगितलं, "नवी रद्द केली. त्याची निळी घेऊन राहिलो." तिचा वाढता हात क्षणभर थांबला. "बरं," ती म्हणाली आणि भात वाढला. दुसऱ्या दिवसापासून तिचे जादा तास बंद झाले. मला वाटलं, परीक्षा झाल्या असतील.

गाडी ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा मी खिशात चावीची नवी कडी घेऊन गेलो होतो. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. त्यानं चावी पुढे केली आणि आधी तिच्यातली जुनी कडी काढून घेतली. सुताची विणलेली होती, वहिनींनी केलेली. मी माझी कडी अडकवली. वहिनींनी गाडीच्या टपावर हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "नीट चालवजा."

पहिल्या रविवारी मी सकाळीच निघालो. टपरीसमोर गाडी उभी केली, काच खाली केली. टपरीवाला दोन ग्लास घेऊन आला, एक माझ्याकडे धरला आणि दुसरा घेऊन डावीकडच्या काचेशी गेला. आत वाकून बघितलं. "भाभीजी नहीं आयी?" मग मला ओळखून म्हणाला, "अरे, आप? भैया की गाडी लेके आये?" मी म्हटलं, माझी आहे. त्यानं मान डोलावली, पण त्याला पटलं नाही. रस्त्याला लागल्यावर प्रत्येक गावात कुणी ना कुणी हात करायचं. तो हात मला नव्हता.

डावीकडची सीट मागे सरकवलेली होती आणि जरा झुकवलेली, वहिनींच्या गुडघ्यांना बरं पडावं म्हणून. तीन रविवार मी ती रिकामी सीट शेजारी घेऊन हिंडलो. गाडी तशीच पळत होती, आवाज तोच होता. जे मी तीन वर्षं टपरीवरून पाहत होतो, ते तेवढं आत नव्हतं.

चौथ्या रविवारी मी बायकोला म्हटलं, "चाल ना." ती साडीचा पदर सावरत आली, बसली. झुकलेल्या सीटमध्ये ती आत बुडाल्यासारखी दिसत होती. म्हटलं, "सरळ करून घे." म्हणाली, "राहू द्या. त्यायच्या मापाची आहे."

प्रतापगडापर्यंत ती डावीकडे मान वळवून बाहेर बघत राहिली. मी सगळं करून पाहिलं. पळवली, गाणी लावली, जंगलातली वाघाची पाटी दाखवली. ती "हं" म्हणाली. ती वळलेली मान मी आधी पाहिली होती, आणि कुठे पाहिली होती ते मला नीट आठवत होतं. पायथ्याशी गाडी थांबवून मी म्हणालो, "झालं काय?"

"काई नाई. गाडी चांगली आहे," ती म्हणाली. "पन ही त्यायची होय. तुमी 'आपली' म्हणून सांगून आले होते ते दुसरी होती."

"मंग तवा बोलली काऊन नाई?"

"तुमी सांगून राहिले होते. पुसून नव्हते राहिले."

मी गाडी वळवली आणि घराकडे घेतली.

मंगळवारी दुपारी पोस्टमन आला. ती शाळेत होती. लिफाफा तिच्या नावाचा, आरटीओचा. स्कूटीच्या लायसनचं काहीतरी असेल म्हणून मी फोडला. आत नवं कार्ड होतं. स्कूटीच्या जोडीला आता त्यावर कारही लिहिलेली होती. परीक्षा पास झाल्याची तारीख मी ज्या दिवशी राखाडी गाडी रद्द केली त्याच्या चार दिवस आधीची होती. सकाळचे जादा तास, क्लच कडक आहे काय, गिअर हातानं टाका लागते काय, हे सगळं एकदम माझ्यासमोर येऊन बसलं. आपल्या गाडीसाठी ती पन्नाशीला टेकलेली बाई पहाटे कुठल्या तरी ड्रायव्हिंग क्लासच्या खटारा गाडीत क्लच शिकत होती, आणि मी वरण ओढत होतो.

कार्डावर फोटो होता. तिच्या जुन्या लायसनवरचा फोटो मला माहीत आहे, फळ्यावर गणित न सुटल्यासारखा. या फोटोत ती हसत होती. दात दिसतील इतकी मोकळी, वहिनी हसायच्या तशी. कॅमेऱ्यासमोर बसवून तिथला माणूस तिला काहीतरी म्हणाला असेल. "मॅडम, कोणती गाडी घेऊन राहिले?" असंच काही तरी. आणि तिनं सांगितलं असेल.

मी ते कार्ड हातात धरून बराच वेळ ओट्याशी उभा राहिलो, आणि मला त्या फोटो काढणाऱ्या माणसाचा हेवा वाटला.